ऑइल म्हणजे कोणतं ऑइल?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आज मी तुमच्याशी मोटारीत घालायच्या तेलांविषयी बोलणार आहे. मोटारही साधी नाही, स्पोर्ट्स कार. कविता लिहिणाऱ्या, कला शाखेतून बी.ए. झालेल्या माणसानं गिअरबॉक्समध्ये हात घालावा हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण मी या विषयाकडे शब्दाच्या वाटेनं आलो. आपल्याकडे गॅरेजमध्ये तीन नावं सर्रास चालतात: ब्रेक ऑइल, स्टिअरिंग ऑइल आणि गिअर ऑइल. तिन्हींच्या शेवटी ‘ऑइल’ आहे. गंमत अशी की, त्यातलं पहिलं मुळात ऑइलच नाही. आणि गंमत इथेच संपते, कारण या एका चुकीच्या नावापायी उताराला लागलेल्या गाडीचा ब्रेक जाऊ शकतो. शब्द चुकला की कवितेची एक ओळ बिघडते, एवढंच मला इतकी वर्षं ठाऊक होतं. शब्द चुकला की माणूसही जाऊ शकतो, हे मला एका मेकॅनिकनं शिकवलं.

हा मेकॅनिक म्हणजे माझा भाचा. कोकणातल्या आमच्या गावांमधली कितीतरी मुलं आखातात आहेत, तसा तोही शारजाला एका वर्कशॉपमध्ये काम करतो. त्याच्या हाताखालून स्पोर्ट्स कार जातात. सुट्टीवर आला की मी विचारतो आणि तो सांगतो. एकदा त्यानं मलाच कोडं घातलं. ‘‘मामू, सांगा बघू, एका लहानशा स्पोर्ट्स कारमध्ये इंजिनाचं ऑइल सोडून आणखी किती द्रव असतात?’’ मी म्हटलं, एखाद-दुसरा असेल. त्यानं बोटं मोजायला सुरुवात केली.

उदाहरण त्यानं घेतलं माझदा कंपनीच्या एमएक्स-५ चं. १९८९ साली आलेली ही जपानी गाडी. दोनच माणसांची, उघड्या टपाची, इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. तिच्या पहिल्या पिढीत ब्रेकसाठी एक द्रव. क्लचचा पेडलही द्रवाच्या दाबावर चालतो, त्याची डबी वेगळी, पण द्रव ब्रेकच्याच जातीचा. पॉवर स्टिअरिंग असेल तर त्यात लाल रंगाचं, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला वापरतात ते ऑइल. हातानं बदलायच्या गिअरबॉक्समध्ये तिसरं. आणि मागच्या दोन चाकांना वळणावर वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा जो डिफरन्शियल असतो, त्यात चौथं. एवढ्याशा गाडीत चार जातींचे द्रव, आणि एकाची जागा दुसऱ्यानं घेतलेली गाडीला चालत नाही.

असं का? कारण प्रत्येकाचं काम निराळं आहे. ब्रेकमधला द्रव निरोप्या आहे. सतराव्या शतकात फ्रान्सच्या ब्लेझ पास्कालनं सांगून ठेवलं की, बंद भांड्यातल्या द्रवावर एका जागी दाब दिला तर तो सगळीकडे सारखा पोहोचतो. आपण पेडलवर पाय ठेवतो, द्रव तो दाब नळीतून चारही चाकांपर्यंत नेतो. द्रव दाबला जात नाही, म्हणून निरोप जसाच्या तसा पोहोचतो. गिअरबॉक्समधल्या ऑइलचं काम दुसरं. दातावर दात घासू नये, उष्णता वाहून जावी, झीज होऊ नये. आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तर त्याला दाबही न्यावा लागतो, वंगणही करावं लागतं आणि आतल्या क्लचच्या चकत्यांना हवी तेवढी पकडही द्यावी लागते. निसरडं असावं, पण किती निसरडं असावं, हे ठरलेलं.

आता ब्रेकचाच द्रव पाहू, कारण जिवाशी गाठ तिथेच आहे. दीड हजार किलोची गाडी ताशी १८० किलोमीटर वेगानं जात आहे आणि चालकानं ब्रेक लावून ती थांबवली. तिच्या अंगातली सगळी गती उष्णतेत बदलते, आणि तिचा मोठा भाग ब्रेकमध्ये उतरतो. ती उष्णता किती? साधारण सहा लिटर पाणी चुलीवर ठेवून उकळीला आणावं इतकी. वेग दुप्पट झाला की ही उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. स्पोर्ट्स कार शर्यतीच्या रस्त्यावर काही मिनिटांत असे कितीतरी ब्रेक लावते. डिस्क तापते, तिच्याजवळचा पिस्टन तापतो आणि पिस्टनमागचा द्रवही तापतो. तो उकळला तर वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. मग पेडल पायाखाली नुसताच खाली जातो. निरोप निघतो, पण पोहोचत नाही.

म्हणून ब्रेकच्या द्रवाची पहिली परीक्षा म्हणजे तो किती तापमानाला उकळतो. बाटलीवर आपण ‘डॉट ३’, ‘डॉट ४’ असे आकडे पाहतो. ‘डॉट’ हे अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या नावाचं संक्षिप्त रूप. त्या मानकाप्रमाणे ताजा डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत. पण हे झालं सीलबंद बाटलीतल्या ताज्या द्रवाचं. हे द्रव ग्लायकॉलच्या कुळातले आहेत आणि त्यांना पाण्याची तहान असते. कोकणात जुलै महिन्यात बरणीतलं मीठ कसं पाझरू लागतं? तसाच हा द्रव रबराच्या नळ्यांमधून आणि डबीच्या झाकणाकडून हवेतला ओलावा आत ओढत राहतो. मानकातच दुसरा आकडा दिलेला असतो, तो ३.७ टक्के पाणी शिरल्यानंतरचा. तेव्हा डॉट ३ साठी किमान मर्यादा १४० अंशांवर येते आणि डॉट ४ साठी १५५ वर. २३० चा १५५ झाला, आणि बाहेरून काहीच दिसलं नाही.

म्हणून अनेक कंपन्या हा द्रव दोन वर्षांनी बदला असं सांगतात. गाडी किती चालली याचा इथे फारसा संबंध नाही. गाडी नुसती उभी असली तरी पाणी शिरतच असतं. आंबोली किंवा आंबा घाट उतरताना आपण वारंवार ब्रेक दाबत येतो आणि खाली पोहोचेपर्यंत पेडल मऊ लागू लागतो. त्यामागचं एक कारण हा ओलावलेला, जुना द्रव असू शकतो. स्पोर्ट्स कारला जे शर्यतीत होतं, ते आपल्या छोट्या गाडीला घाटात होतं.

मग जास्तीत जास्त तापमान सोसणारा, सर्वांत महाग द्रव आणून ओतावा का? इथेच लोक फसतात. खास शर्यतीसाठी बनवलेले द्रव मिळतात, ताजे असताना ३०० अंशांच्या वर टिकणारे. पण त्यांतले काही ओलावा शिरला की लवकर खाली येतात. शर्यतवाले ते वारंवार बदलतात. रोज कामावर गाडी नेणाऱ्याला ते परवडत नाही आणि त्याची गरजही नसते. शिवाय आताच्या गाड्यांमध्ये चाक घसरू नये म्हणून ब्रेक क्षणाक्षणाला सोडून पुन्हा धरणारी यंत्रणा असते. तिच्या बारीक झडपांतून द्रव झपाट्यानं वाहावा लागतो, म्हणून तो थंडीतही पातळ राहणारा हवा. तेव्हा उकळण्याचा आकडा मोठा म्हणजे द्रव चांगला, असं सरळ गणित नाही.

आणि आकड्यांची आणखी एक लबाडी ऐका. डॉट ३, डॉट ४, मग डॉट ५, मग डॉट ५.१. कोणालाही वाटेल, ही एकाच शिडीची पायऱ्यामागून पायरी आहे. तसं नाही. डॉट ५.१ हा डॉट ४ चाच ग्लायकॉल कुळातला भाऊ. डॉट ५ मात्र दुसऱ्याच घराण्यातला, सिलिकॉनचा. तो पाणी शोषत नाही आणि सांडला तरी गाडीचा रंग खराब करत नाही. ग्लायकॉलवाला द्रव सांडला तर रंगाची साल काढतो. म्हणून वर्षातले दहा महिने झाकून ठेवलेल्या जुन्या, हौशी स्पोर्ट्स कारचे काही मालक सिलिकॉन पसंत करतात. पण तो हवेचे बुडबुडे धरून ठेवतो आणि तापल्यावर जरा जास्त दाबला जातो. शिरलेलं पाणी त्यात मिसळत नाही, तळाशी जाऊन साचतं. आधुनिक घसरणरोधक यंत्रणेला तो चालत नाही, आणि ग्लायकॉलच्या द्रवात तो मिसळायचाच नसतो. पाच आणि पाच पूर्णांक एक यांच्यामध्ये फक्त एक टिंब आहे, पण त्या टिंबाच्या दोन बाजूंना दोन वेगळी रसायनं आहेत.

आता त्या ‘ऑइल’ शब्दाकडे येतो. भाच्यानं सांगितलेली हकीकत. एका गाडीच्या ब्रेकच्या डबीतली पातळी खाली गेलेली पाहून तिच्या चालकानं त्यात स्टिअरिंगचं लाल ऑइल ओतलं. त्याच्या मनात हेतू वाईट नव्हता. दोन्ही ऑइलंच ना! काही दिवसांत गाडी ओढ खाईना, चाकं तापू लागली, ब्रेक लागला की सुटेना. वर्कशॉपमध्ये उघडून पाहिलं, तर आतले रबरी वायसर फुगून बसले होते. ज्या बारीक छिद्रातून दाबलेला द्रव परत डबीत यायचा, ते छिद्रच फुगलेल्या रबरानं बुजलं होतं. अशा वेळी नुसतं ऑइल काढून भागत नाही. ज्या ज्या रबराला ते लागलं, ते सगळं रबर बदलावं लागतं. ओतलं होतं वाटीभर आणि बदलावी लागली अख्खी ब्रेकची यंत्रणा.

याचं कारण रबरात आहे. रबर एका जातीचं नसतं. ग्लायकॉलच्या द्रवासोबत संसार करणारं रबर खनिज तेलात फुगतं. खनिज तेल सोसणारं रबर ग्लायकॉलमध्ये खराब होतं. द्रव कोणता हे इंजिनिअर ठरवतो तेव्हा तो त्याच्या शेजारी राहणारं रबरही ठरवत असतो. आपण द्रव बदलतो, पण शेजारी तोच राहतो.

फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीच्या इतिहासात या गोष्टीचा मोठा धडा आहे. १९५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनात तिनं डीएस नावाची गाडी आणली. तिचं सस्पेन्शन, ब्रेक आणि स्टिअरिंग, सगळं एकाच पंपाच्या दाबाखालच्या द्रवावर चालत होतं. पुढे त्यासाठी जो लाल कृत्रिम द्रव वापरात आला, तो पाणी शोषणारा होता. पाणी आलं की गंज आला. शेवटी १९६६ पासून कंपनीनं हिरव्या रंगाचं खनिज तेल वापरायला सुरुवात केली. नुसतं तेल बदलून चालणार नव्हतं, रबरही बदलावं लागलं. कोणती गाडी लाल द्रवाची आणि कोणती हिरव्याची हे मेकॅनिकला कळावं म्हणून सुटे भागही वेगळे रंगवले: लालवाल्या गाडीचे काळे, हिरव्यावाल्या गाडीचे हिरवे. १९७० साली याच कंपनीनं मासेराती या इटालियन कंपनीचं सहा सिलिंडरचं इंजिन बसवून एसएम ही वेगवान गाडी काढली, तीही हिरव्या तेलावर. आता पाहा, एसएममध्ये ब्रेकला जे हिरवं तेल अमृत आहे, ते माझदाच्या ब्रेकमध्ये विष. आणि माझदाचा ग्लायकॉल एसएममध्ये विष. दोन्ही स्पोर्ट्स कार, दोन्हीकडे काम ब्रेकचंच.

गिअरबॉक्सची गोष्ट याहून नाजूक आहे. बाटलीवर ‘जीएल-४’ आणि ‘जीएल-५’ असं लिहिलेलं असतं. साहजिकच वाटतं, चारापेक्षा पाच बरं. डिफरन्शियलमध्ये दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, प्रचंड दाबाखाली सरकतात. तिथे धातूवर धातू चिकटू नये म्हणून ऑइलमध्ये गंधक आणि स्फुरद यांची संयुगं घातलेली असतात. जीएल-५ मध्ये ती जीएल-४ च्या साधारण दुप्पट. पण हातानं बदलायच्या गिअरबॉक्समध्ये पितळ किंवा काशाच्या रिंगा असतात. गंधक आणि असे धातू यांचं सख्य नाही. अंडं खाल्लेला चांदीचा चमचा काळा पडतो, तो गंधकामुळेच. काही जीएल-५ ऑइलं तापल्यावर या पिवळ्या धातूंना हळूहळू खातात. आज धातूला न दुखवणारी जीएल-५ ऑइलंही मिळतात, पण दुसरा प्रश्न उरतोच. त्या पिवळ्या रिंगेचं काम गिअर पडण्याआधी दोन चाकांचा वेग सारखा करणं. त्यासाठी तिला किंचित घर्षण लागतं. ऑइल फारच निसरडं असेल तर रिंगेला पकड मिळत नाही आणि गिअर टाकताना करकर होते. म्हणून एमएक्स-५ च्या पुस्तिकेत गिअरबॉक्सला जीएल-४ किंवा जीएल-५ दोन्ही चालतात असं स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि डिफरन्शियलला मात्र जीएल-५ च. जिथे परवानगी लिहिली आहे तिथे ती आहे. जिथे लिहिलेली नाही तिथे आपण ती गृहीत धरायची नाही.

दाटपणाचे आकडेही असेच. गिअर ऑइलवर ९० लिहिलेलं पाहून ते इंजिनाच्या ४० नंबरच्या ऑइलपेक्षा दुपटीहून दाट असेल असं वाटतं. प्रत्यक्षात या दोन मोजपट्ट्याच वेगळ्या आहेत. गरम असताना गिअरचं ९० हे इंजिनाच्या ४० किंवा ५० च्या जवळपासच असतं. एक शेर आणि एक किलो यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करावी, तसा हा प्रकार.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या लाल ऑइलची कथा तर थेट समुद्रात जाते. अमेरिकेच्या जनरल मोटर्सनं ‘डेक्स्रॉन’ नावाचं मानक काढलं. सुरुवातीच्या काळात या ऑइलांमध्ये क्लचची पकड मऊ व्हावी म्हणून स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल घातलेलं असे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेनं या माशाला संरक्षण दिलं आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावा लागला. त्याच काळात फोर्डचं ‘टाइप एफ’ नावाचं लाल ऑइल होतं. रंग तोच, पण पकड मऊ करणारा घटक त्यात नव्हता. त्यामुळे फोर्डच्या त्या गिअरबॉक्सचा क्लच झटक्यात धरे आणि डेक्स्रॉनवाल्यांचा अलगद. म्हणून रंग पाहून ऑइल ठरवणं म्हणजे शाईचा रंग पाहून कविता कोणाची हे ओळखणं.

स्पोर्ट्स कार बनवणारेही हे अनुभवातूनच शिकले. १९६६ साली आलेल्या लॅम्बोर्गिनी मिउरामध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच पोटातलं ऑइल वापरत. एकच ऑइल दोघांना, म्हणजे दोघांनाही तडजोड. १९७१ नंतरच्या तिच्या शेवटच्या काही गाड्यांमध्ये ही दोन पोटं वेगळी केली गेली. आणि २००८ साली पोर्शने ९११ मध्ये पीडीके हा दोन क्लचचा गिअरबॉक्स आणला, तेव्हा एकाच पेटीत दोन कप्पे ठेवले. क्लचच्या कप्प्यात एक द्रव, दातांच्या कप्प्यात दुसरं ऑइल. क्लचला पकड हवी, दातांना वंगण हवं. दोघांना आपापलं दिलं. यंत्र जसजसं सुधारत गेलं तसतसा ‘एकच ऑइल सगळ्याला’ हा विचार मागे पडला.

आता कामाच्या चार गोष्टी. पहिली, गाडीची पुस्तिका हाच शेवटचा शब्द. पुस्तिकेत ज्या मानकाचं नाव आहे, तेच अक्षरश: बाटलीवर शोधायचं. ‘त्याच्यासारखंच आहे’ हे दुकानदाराचं वाक्य प्रमाण मानायचं नाही. दुसरी, ब्रेकचा द्रव सीलबंद आणि लहान बाटलीतलाच घ्यायचा. अर्धी उरलेली, वर्षभर कपाटात पडलेली बाटली स्वस्त नसते, ओली असते. तिसरी, डबीतली पातळी खाली गेली तर नुसतं भरून मोकळं व्हायचं नाही. एकतर ब्रेकचे पॅड झिजले आहेत, नाहीतर कुठेतरी गळती आहे. ती डबी आपल्याला काहीतरी सांगत असते. चौथी, ‘गिअरबॉक्सचं ऑइल जन्मभर बदलावं लागत नाही’ हे ऐकलं तर जन्म कोणाचा ते विचारायचं. झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी जर्मन कंपनी स्वत:च आपल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान, किंवा आठ वर्षांनी बदलायला सुचवते. आणि काढलेलं जुनं ऑइल गटारात नाही, गोळा करणाऱ्याकडे. ब्रेकचा द्रव विषारी असतो, तो लहान मुलांच्या हाती लागता कामा नये.

श्रोतेहो, शब्दकोशात पाणी, जल आणि नीर एका ओळीत बसतात. पण तहानलेला माणूस दारात येऊन ‘नीर द्या’ म्हणत नाही, आणि निविदेत कोणी ‘पाणीसंधारण’ लिहीत नाही. समानार्थी शब्द कोशात समान असतात. वाक्यात गेले की त्यांना आजूबाजूच्या शब्दांशी जमवून घ्यावं लागतं. गाडीतल्या द्रवांचंही तसंच आहे. चांगला द्रव म्हणजे महाग द्रव नव्हे. त्याच्या शेजारचं रबर, त्याच्या शेजारचा धातू आणि त्याला सोसावी लागणारी उष्णता, या तिघांशी ज्याचं पटतं तो चांगला.

तुमच्यापैकी फार थोड्यांच्या दारात स्पोर्ट्स कार असेल. माझ्या दारात तर सायकल आहे. पण टॅक्सी, रिक्षा, शाळेची बस, एसटी यांत आपण आणि आपली मुलं रोज बसतो, आणि त्या सगळ्यांचा ब्रेक कुठल्या ना कुठल्या द्रवाच्या किंवा दाबलेल्या हवेच्या भरवशावर असतो. तेव्हा पुढच्या खेपेला गॅरेजमध्ये कोणी ‘ऑइल टाकू का?’ असं विचारलं, तर नुसतं ‘टाक’ म्हणू नका. ‘कोणतं?’ असं विचारा, आणि बाटली हातात घेऊन तिच्यावरचं नाव मोठ्यानं वाचा.